कालवडीची ब्रुसेलाची सरकारी लस : दोन वर्षांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

नमस्कार. मी नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर), संगमनेरकडची. घरी अकरा गाया आन चार कालवडी, सगळ्या एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित), दूध डेअरीला जातं. लोक मिल्किंग मशीनचा, रबर मॅटचा, मिनरल मिक्श्चरचा रिव्ह्यू टाकतात, मी आज ज्याला एक रुपया लागत नाही अशा गोष्टीचा टाकतेय. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळणारी ब्रुसेलाची लस. ब्रुसेला म्हणजे गाय गाभडवणारा (दिवस भरायच्या आत वासरू पडतं) आणि जनावरातून माणसालाही लागणारा रोग. फक्त मादी वासरांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. आमच्या गावात निम्म्याहून जास्त गोठ्यांनी ती घेतलेली नाही, विचारलं तर म्हणतात आमच्याकडं कुठंय तो रोग. आम्हीपण हेच म्हणायचो, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, मोठं होईल पण वाचा.

दोन वर्षांपूर्वी बाजारातून एक गाय आणली, दुसऱ्या वेताची, गाभण, दिसायला एकदम खणखणीत. सड बघितले, दात बघितले, चालवून बघितली, रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सातव्या महिन्यात पहाटे गाभडली. मी गोठ्यात गेले तर वासरू खाली पडलेलं, अंगावर केस नुकते आलेले, आणि वार निम्मी बाहेर लोंबकळत होती. घरात मी आणि आत्या (माझ्या सासूबाई) दोघीच, हे दूध घालायला गेलेले. मी उघड्या हातानं ते वासरू उचललं, पोत्यात घातलं, वार ओढून बघितली, निघेना, तशीच घाण लोटली, दावण धुतली. हाताला विळ्याचं कापलेलं होतं, दोन दिवसांपूर्वी घास कापताना लागलेलं. हे कापल्याचं मला नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवलं.

तीन-साडेतीन आठवड्यांनी मला ताप सुरू झाला. सकाळी काही नाही, एकदम ठीक, चार वाजले की अंगात कणकण आणि रात्री एवढा घाम की उशीचा अभ्रा पिळून काढावा. कंबर अशी धरायची की धारेला खाली बसलं तर उठता येईना. आधी टायफॉइड म्हणून औषध झालं, मग मलेरियाची तपासणी, मग सलाईन, मग कुणीतरी म्हणलं अशक्तपणा आहे, एका ठिकाणी तर मला तोंडावर सांगितलं की ताई टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे. अडीच महिने असं चाललं. घरात पण मग हळूहळू सगळे तसंच बघायला लागले, कारण सकाळी मी कामाला लागलेली दिसायची आणि संध्याकाळी पडलेली. त्या दिवसांचं मला अजून वाईट वाटतं, ताप येत असताना ताप येतोय हे पटवून द्यावं लागणं फार वाईट.

शेवटी एका डॉक्टरांनी वहीपण न उघडता पहिला प्रश्न विचारला, घरी जनावरं आहेत का? हो म्हणलं. एवढ्यात कुठली गाय गाभडली का? मी आणि हे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. रक्त पाठवलं, ब्रुसेला पॉझिटिव्ह. सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, लघवी नारंगी होते त्या गोळीनं, आधी सांगितलं नसतं तर घाबरून मेले असते. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही असं बजावून सांगितलं होतं कारण अर्धवट सोडलं की हा जंतू परत डोकं वर काढतो. सगळ्या गोळ्या घेतल्या, आता बरी आहे, कंबर मात्र थंडीत अजून बोलते.

गायीचं काय झालं तेही सांगते. वार अडकली, गर्भाशयाला सूज आली, नंतर चार वेळा रेतन केलं आणि चारही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. दुधाला निम्म्यावर. तपासणीत तीपण पॉझिटिव्ह निघाली. जनावराला या रोगावर औषधोपचार करून उपयोग होत नाही, आणि आपल्याकडं परदेशासारखं आजारी जनावर मारून टाकत नाहीत, मग बहुतेक लोक काय करतात तर गुपचूप बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात. आमच्याकडं ती अशीच आली असणार. आम्ही विकली नाही, वेगळी बांधलीय, तिचं खाणं-पाणी वेगळं, तिचं करताना हातमोजे. परवडत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या घरातली बाई माझ्यासारखी पडायला नको, एवढं आमचं दोघांचं ठरलं.

आता लसीबद्दल. गोळ्या संपल्या त्याच आठवड्यात मी दवाखान्यात जाऊन बसले की आमच्या कालवडींना लस द्या. पशुधन पर्यवेक्षक भाऊ चांगले होते, म्हणाले वय सांगा. दोन कालवडी बसत होत्या, एक पाच महिन्यांची, एक साडेसात. तिसरी अकरा महिन्यांची होती, तिला नाही म्हणाले. मला राग आला तेव्हा, एवढं काय होतंय द्या की. पण त्यांनी नीट समजावलं. ही जिवंत जंतूची लस आहे, जंतू दुबळा केलेला पण जिवंत. मोठ्या जनावराला दिली तर रक्तात त्याची खूण लई दिवस राहते आणि पुढं तपासलं तर लसीमुळं पॉझिटिव्ह आहे की रोगामुळं हे नेहमीच्या तपासणीत कळतच नाही. गाभणीला दिली तर लसीनंच गाभडू शकते. आणि गोऱ्ह्याला द्यायची नाही कारण त्याच्या वृषणावर परिणाम होऊ शकतो. म्हणून ४ ते ८ महिने आणि फक्त मादी. कारण कळलं की माणूस भांडत नाही, एवढं सगळ्यांनी समजावून सांगितलं तर लोक लस नाकारणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

ज्या दिवशी आले तो दिवस सांगते. आईस बॉक्समध्ये लस, ती पावडरीसारखी सुकी असते आणि सोबत तिचं पाणी, इथं आल्यावर मिसळतात. एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ते एका कालवडीसाठी बाटली फोडत नाहीत, आजूबाजूच्या वासरांची यादी करून येतात. त्यांनी हातमोजे घातले, मास्क लावला, डोळ्याला चष्मा लावला, आणि मला कालवड धरायला येऊच दिलं नाही, म्हणाले तुम्ही लांब थांबा ताई, तुम्ही आत्ताच यातून उठलाय. ह्यांनी वेसणीत बोटं घालून मान वळवून धरली, मानेजवळची कातडी चिमटीत उचलून २ मिली आत. कालवडीनं एक शिंग झाडलं, बाकी काही नाही. मग चिमट्यानं कानात पिवळा बिल्ला, १२ आकडी नंबरचा, आणि तो नंबर मोबाईलवर भारत पशुधन या सरकारी नोंदणीत भरला. रिकामी बाटली आणि सुई ते परत घेऊन गेले, इथं टाकली नाही. ही गोष्ट छोटी वाटते पण ती सुई चुकून माणसाला टोचली किंवा लस डोळ्यात उडाली तर माणसाला तोच आजार होऊ शकतो, मग लगेच दवाखाना. आत्या म्हणाल्या, आजवर आपल्या गोठ्यात सुई द्यायला आलेला माणूस एवढा नटून आलेला बघितला नाही, मग मी त्यांना सांगितलं की त्यांनी हे सगळं घातलंय यातच कळा की रोग केवढा आहे.

लस दिल्यावर एका कालवडीला एक दिवस ताप होता, चारा कमी खाल्ला, मानेला लिंबाएवढी गाठ आली ती आठवड्यात बसली. दुसरीला काहीच झालं नाही. गावात जे सांगतात की लसीनं वासरू मरतं, गाय वांझ होते, तसं काही झालेलं नाही. साडेसात महिन्यांची होती ती आता पहिल्यांदा व्यालीय, पूर्ण दिवस भरून, कालवडच झाली, वार तीन तासांत पडली. मी त्या रात्री जागी होते, वार पडेपर्यंत गोठ्यातून हलले नाही (लांबून, आणि हातमोजे घालून).

शंभर टक्के खात्री देत नाही ही लस, तेही खरं सांगायला पाहिजे. साधारण ७० टक्क्यांच्या आसपास संरक्षण असं सांगतात, म्हणजे लस घेतली तरी बाजारातून न तपासलेली गाय आणून मध्येच बांधली तर धोका राहतोच. पण गोठ्यातल्या सगळ्याच कालवडींना वर्षानुवर्षं दिली तर रोगाला पसरायला जागा कमी कमी होत जाते, आणि जनावर मारायचं नसेल तर आपल्या देशात रोग आटोक्यात आणायला मुख्य आधार हाच.

आता थोडं वेगळं, पण माझ्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आजारपणात पडून पडून मी मोबाईलवर या रोगाचं मिळेल ते वाचत गेले. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं तापानं मेलेल्या सैनिकांमध्ये हा जंतू शोधला, ब्रुसेला हे नाव त्याच्यावरूनच. पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरला तो शेळ्यांमध्ये सापडला, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप कमी झाला. तिकडं डेन्मार्कमध्ये बँग नावाच्या पशुवैद्यानं १८९७ मध्ये गायी गाभडण्याचा जंतू शोधला होता, पण गायीचा रोग वेगळा आणि माणसाचा ताप वेगळा असंच सगळे धरून चालले होते.

हे दोन्ही एकाच कुळातले आहेत हे दाखवलं ॲलिस इव्हान्स या बाईनं, १९१८ मध्ये. ती अमेरिकेच्या शेती खात्यात दुधातल्या जंतूंवर काम करत होती, सरकारी पगारावर, गायीच्या दुधावर संशोधन करायला नेमलेली. ती म्हणाली कच्च्या दुधातून हा माणसात येऊ शकतो, दूध तापवून विका. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी ऐकलं नाही. १९२२ मध्ये तिला स्वतःलाच प्रयोगशाळेत ही लागण झाली आणि पुढं वीसेक वर्षं तिचा आजार जात-येत राहिला, आणि मधली काही वर्षं डॉक्टर तिला काय म्हणत होते माहितीये, मानसिक आहे. हे वाचलं त्या रात्री मी मोबाईल छातीवर ठेवून रडले. शंभर वर्षांपूर्वी, सातासमुद्रापार, जिनं हा रोग ओळखला तिलासुद्धा तेच ऐकावं लागलं. १९२८ मध्ये ती अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली, आणि १९३० च्या दशकात तिकडं दूध पाश्चराइज करण्याचे नियम घट्ट झाले.

आणि लस. आपल्या कालवडींना देतात तिचं नाव एस-१९. १९२३ मध्ये बक नावाच्या अमेरिकेच्या त्याच शेती खात्यातल्या शास्त्रज्ञानं एका जर्सी गायीच्या दुधातून हा जंतू काढला, ती नळी प्रयोगशाळेत साध्या तापमानाला वर्षभराहून जास्त तशीच राहिली, आणि बघितलं तर जंतू दुबळा झालेला. त्यावरून ही लस. म्हणजे जनावरांच्या रोगावर खर्च केलेल्या सरकारी पैशातून निघालेली गोष्ट शंभर वर्षांनी संगमनेरच्या गोठ्यात माझ्या कालवडीच्या मानेत गेली आणि तिच्यामुळं माझ्या पोरांचं, माझं रक्षण होतंय. माणसासाठी या रोगाची लस आपल्याकडं नाही. गायीला दिलेली लस हीच माणसाची लस.

म्हणून गाई-म्हशींवरच्या संशोधनाला पैसे कशाला, आधी माणसांचं बघा, असं कुणी म्हणलं की मला राहवत नाही. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत लाळ-खुरकत आणि ब्रुसेला या दोन रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पाच वर्षांसाठी १२,६५२ कोटी, सगळा पैसा केंद्राचा, आणि ब्रुसेलासाठी वर्षाला ३ कोटी ६० लाख मादी वासरं धरलेली. त्या पैशातलीच ही मोफत सुई. हा खर्च मला एकदम योग्य वाटतो. पण हा लस टोचण्याचा पैसा आहे, नवीन शोधण्याचा पैसा वेगळा, आणि तो वाढायला हवा. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) या संस्थेनं याच एस-१९ मध्ये जनुकीय बदल करून एस-१९ डेल्टा पर नावाची सुधारित लस केलीय, लस घेतलेली गाय आणि आजारी गाय वेगळी ओळखता यावी हा त्यातला मोठा उद्देश. ती माझ्या दारात कधी येतेय याची मी वाट बघतेय. जैवतंत्रज्ञान विभागानं २०१६ मध्ये ब्रुसेलामुक्त गाव असा प्रयोग सुरू केला होता, दहा राज्यांत ५० गावं, त्यात महाराष्ट्र आणि गोवापण. तसली गावं पन्नासवरून तालुक्याला पन्नास व्हायला पाहिजेत. आणि नागपूरला ११ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेचं भूमिपूजन झालं, ११० कोटींच्या वर खर्चाची, माणूस आणि जनावर दोघांचे रोग एकत्र अभ्यासायला. विदर्भातल्या त्या संस्थेकडून माझ्यासारख्या गोठ्यातल्या बायकांना फार आशा आहे.

एक स्टार का कापला ते सांगते. पहिलं, लस कधी येणार हे आधी कळत नाही. मधे एकदा लसच नव्हती, त्या काळात शेजारच्या अण्णांची कालवड आठ महिन्यांच्या पुढं गेली, ती कायमची राहिली. लाळ-खुरकतला गावात दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना कळतं, हिचं मात्र ज्यांनी विचारलं त्यांनाच. दुसरं, आमच्याकडं आलेले भाऊ सगळं घालून आले, पण पलीकडच्या वस्तीवर एक जण नुसता उघड्या हातानं देऊन गेला, चष्मा नाही काही नाही. त्याच्या जिवाला धोका आहे, त्याला साहित्य कुणी दिलं नसेल तर ते द्या. तिसरं आणि मोठं, शेळ्या. ही मोहीम फक्त गाई-म्हशींच्या वासरांची आहे. शेळ्या-मेंढ्यांमधला जो ब्रुसेला, माल्टात सापडला तोच, तो माणसाला जास्त त्रास देणारा, आणि आमच्याकडं गोठ्याच्या मागं प्रत्येकाच्या चार शेळ्या बांधलेल्या, उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं शेतात बसतात. त्यांच्यासाठी काहीच नाही. चौथं, जनावरांच्या दवाखान्याला माझ्या गोठ्यात रोग आहे हे कळतं, पण माणसांच्या दवाखान्याला ते कुणी कळवत नाही. कळवलं असतं तर माझे अडीच महिने वाचले असते.

ज्यांच्याकडं गाया आहेत त्यांना काही गोष्टी सांगते, आता आमच्या घरात हा नियमच झालाय. नवीन गाय आणायची तर आधी रक्त तपासायचं, विकणारा नाही म्हणाला तर व्यवहार नाही. गाभडलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यानं ओढून रानात न्यायला नको. बाळंत गायीला हात लावायचा तर कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं गोठ्यातल्या बाळंतपणाजवळ फिरकायचं नाही.

आणि दूध. धारोष्ण दूध पोरांच्या तब्येतीला चांगलं म्हणून आत्या धाकट्याला गोठ्यातच पितळी पेल्यात द्यायच्या, चाळीस वर्षांची सवय, त्यांच्या आईनं त्यांना तसंच दिलेलं. ती बंद करणं अवघड गेलं. पंचामृतालाही आमच्याकडं निरसं दूधच लागायचं. मी आत्यांना भांडून नाही सांगितलं, रिपोर्ट दाखवला आणि म्हणलं आत्या, माझ्यासारखा घाम पोराला यायला नको. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दूध उकळून, गार करून देवासमोर ठेवलं. खरवसाचं काही नाही, चीक वाफवलेला असतोच, फक्त कच्चा चीक बोटानं चाखायचा नाही.

एवढं सगळं बघता लसीला ५ पैकी ४. अण्णांची नवीन कालवड आणि पलीकडच्या दोन घरांच्या तीन अशी यादी मी परवा दवाखान्यात देऊन आलेय, पाच-सात वासरं जमली की बाटली फुटते, म्हणून मीच घरोघर विचारत फिरतेय. आमच्या नवीन कालवडीचं नाव चांदणी ठेवलंय, तिची जन्मतारीख ह्यांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलीय आणि तिच्याखाली मी लिहिलंय, चार महिने पूर्ण, पोळ्याच्या आधी आठवडाभर.